आजाराविषयीच्या समजुती आणि आपलं वागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागहून असो, गोवंडीहून असो की डोंबिवलीहून, येणाऱ्या प्रश्नांत एक सूर सारखा असतो: 'आमच्याकडे असं म्हणतात, खरं आहे का?' पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निदान आणि डोस तुमचे डॉक्टर ठरवतील, ते इथे शोधू नका. एकदा सांगून झालेली गोष्ट पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. छातीत दुखत असताना हे वाचत असाल तर प्रश्न १० उघडा. खरं तर तोही नको, आधी १०८ लावा.

१. आजार जंतूंनी होतो, नाहीतर शरीरात काही बिघडल्याने होतो. त्यात माझ्या समजुतीचा काय संबंध?

आजार होण्यात फारसा नाही. झाल्यावर तुम्ही काय करता, यात मात्र मोठा आहे. एकाच चाळीत, एकाच मजल्यावर दोघांना तीन आठवडे खोकला आहे. एक म्हणतो, 'समोर टॉवरचं काम चाललंय, धूळ आहे.' तो खडीसाखर चघळत बसतो. दुसऱ्याच्या मनात टीबीची शंका येते, तो महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासायला देतो. खोकला दोघांचा सारखाच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथाल यांनी १९८०च्या सुमारास याची नीट मांडणी केली. आजारी माणूस मनाशी पाच गोष्टी ठरवतो: हे नेमकं काय आहे, कशाने झालं, किती दिवस राहणार, यात माझं काय बिघडणार, आणि यावर इलाज चालेल का. डॉक्टर काही बोलण्याआधीच ही उत्तरं तयार असतात. ती आईकडून आलेली असतात, शेजाऱ्याच्या अनुभवातून, मागच्या आजारपणातून, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरूनही. गोळी पोटात जाणार की उशाखाली राहणार, हे या पाच उत्तरांवर ठरतं. खालचे बहुतेक प्रश्न यांपैकी कुठल्या तरी एकावर अडलेले आहेत.

२. पण असल्या समजुती कमी शिकलेल्यांच्याच असतात ना?

नाही. दृष्ट काढणाऱ्या आजीला हसणारा माणूस दर सोमवारी 'डिटॉक्स'चा हिरवा रस पितो आणि लिव्हर धुऊन निघालं असं मानतो. शिक्षणाने समजुतींची भाषा बदलते, संख्या कमी होतेच असं नाही. शिवाय यातल्या बहुतेक समजुती मूर्खपणाच्या नसतात. त्या अनुभवावरून काढलेले निष्कर्ष असतात, फक्त अनुभव अपुरा असतो. म्हणूनच 'तुम्हाला काही कळत नाही' असं म्हटलं की समोरचा आणखी घट्ट होतो. त्याला कळलेलं असतं, फक्त अर्धं.

३. माझं बीपी वाढलं की मला लगेच कळतं, डोकं जड होतं. तेव्हा गोळी घेते. रोज कशाला घ्यायची?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि वर सांगितलेली अर्धी समज इथे सगळ्यात स्पष्ट दिसते. डोकं दुखलं, बीपी मोजलं, वाढलेलं निघालं: हा अनुभव खरा आहे. पण डोकं दुखत नव्हतं तेव्हा तुम्ही मोजलंच नाही. त्या दिवशीही ते तेवढंच असेल. शिवाय दुखण्याने आणि काळजीनेही बीपी वर जातं, म्हणजे कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात.

लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली बीपीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बीपी वाढलेलं माणसाला कळत नाही, हे त्यांतल्या बहुतेकांना मान्य होतं. त्यांतलेच बहुतेक जण पुढे म्हणाले, 'मला मात्र कळतं.' गोळ्या नियमित कोण घेत होतं? गोळीने आपली लक्षणं कमी होतात असं ज्यांना वाटत होतं, ते. ज्यांना गोळीने काहीच फरक जाणवत नव्हता त्यांनी हळूहळू नाद सोडला. गोळी मात्र न जाणवताच काम करत असते.

वाद घालण्यापेक्षा एक वही करा. दोन आठवडे, रोज ठरलेल्या वेळी, आधी अंदाज लिहायचा ('आज १३०च्या आसपास असेल') आणि मग मोजायचं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, अर्धा तास चहा नाही. रोजची गोळी या काळात चालूच ठेवायची. अंदाज आणि आकडा शेजारी-शेजारी पाहिले की बहुतेकांचं मत आपोआप हलतं, कारण आता अनुभव पुरा झालेला असतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. आकडा १८०/१२०च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा नजर धूसर होणं यांपैकी काही असेल तर वही बाजूला ठेवून हॉस्पिटल गाठायचं.

४. दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालतो, आजवर काही झालं नाही. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) एवढा बाऊ कशाला?

'आजवर काही झालं नाही' हा मुंबईकराचा आवडता पुरावा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कित्येक जण तासन्‌तास पाण्यातून चालत घरी पोहोचले आणि बहुतेकांना काही झालं नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोची साथ मात्र आली. लेप्टोचे जंतू उंदीर आणि इतर जनावरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून, चिरेतून शरीरात शिरतात. म्हणजे धोका दर वर्षी एकसारखा नसतो. यंदा टाचेला भेग आहे का, चपलेने पाय सोललाय का, त्या पाण्यात काय होतं, यावर तो ठरतो.

तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात तर महापालिका ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यायला सांगते. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर औषध वेगळं असतं, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी उचलून घेऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'मी पाण्यातून चाललो होतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

५. टीबीचं औषध सुरू होऊन दोन महिने झाले. खोकला गेला, वजन वाढलं. आता पुढचे चार महिने औषध म्हणजे विनाकारण उष्णता नाही का?

प्रश्न १मधल्या पाच गोष्टींपैकी 'किती दिवस राहणार' इथे अडलंय. लक्षण गेलं म्हणजे आजार गेला, हा हिशोब सर्दीला चालतो, टीबीला नाही. नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, ज्यांनी जंतूंची मोठी संख्या मरते आणि बरं वाटू लागतं. पुढच्या चार महिन्यांची औषधं दबा धरून बसलेल्या, संथ जंतूंसाठी असतात. मध्येच सोडलं तर तेच वाचलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि औषधाला न जुमानणारा टीबी होण्याचा धोका वाढतो. त्या टीबीचा उपचार जास्त कठीण, औषधं जास्त त्रासाची. मुंबईत असे रुग्ण किती आहेत हे शिवडीच्या टीबी हॉस्पिटलला रोज दिसतं.

आता उष्णतेबद्दल. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी, घाम आणि अश्रूसुद्धा नारिंगी-लालसर होतात. कुणी आधी सांगितलेलं नसेल तर पाहणारा घाबरतो: औषध गरम पडलं, आतून रक्त जातंय. तिथेच कोर्स तुटतो. हा रंग निरुपद्रवी आहे, औषध शरीरात पोहोचल्याची ती खूण समजा. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, दिसण्यात फरक पडणं ही मात्र वेगळी गोष्ट. ती दिसली की त्याच दिवशी टीबी केंद्रात जायचं.

तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. आहारासाठी निक्षय पोषण योजनेत मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे. अनेकांनी नाव नोंदवलेलं असतं, बँक खातं जोडायचं राहून गेलेलं असतं.

६. घरात टीबीचा पेशंट आहे. ताट-वाटी वेगळी केली, कपडे वेगळे धुतो. पुरे ना?

ताट-वाटी वेगळी करून काही साधत नाही. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, खिडकी बंद आणि पेशंटचं ताट मात्र वेगळं, हे चित्र फार घरांत दिसतं. धोका आहे तिथे दार उघडं आणि नाही तिथे कडी! खिडकी उघडा, पेशंटने खोकताना तोंड झाका, सुरुवातीचे काही आठवडे मास्क वापरा. औषध लागू पडू लागलं की संसर्गाची शक्यता भराभर कमी होत जाते. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. टीबी नसलेल्यांना, विशेषतः लहान मुलांना, प्रतिबंधक औषध मिळतं. त्याबद्दल केंद्रात विचारा.

वेगळ्या ताटाने आणखी एक होतं. पेशंटला समजतं की आपण घराला नकोसे झालोय, आणि तो आजार लपवायला शिकतो. सुनेच्या बाबतीत तर हे हमखास. औषध माहेरी ठेवणाऱ्या, चोरून घेणाऱ्या मुली याच शहरात आहेत.

७. ताप उतरला म्हणजे बरं झालं, एवढं तरी खरं ना?

बहुतेक वेळा. पण मुंबईच्या पावसाळ्यातले दोन ताप याला अपवाद आहेत.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरचे म्हणतात, 'आज अंग थंड आहे, बरं आहे.' त्याच दिवशी पोटात सणकून दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांकडे लक्ष हवं. यांतलं काही दिसलं तर थांबू नका.

दुसरा व्हायव्हॅक्स मलेरिया. ताप तीन दिवसांच्या औषधाने जातो, पण काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. पाचव्या दिवशी पाकीट ड्रॉवरमध्ये जातं आणि गणपतीत पुन्हा थंडी वाजते. मग दोष डासांना. (काही जणांना जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांना हे औषध बाधू शकतं. गरोदरपणात ते देत नाहीत. म्हणून तेही मनाने घ्यायचं नाही.)

८. काविळीला आमच्या गावच्या माणसाचं औषध घेतलं आणि खरंच गुण आला. डेंग्यूत पपईच्या पानांचा रस दिला, प्लेटलेट वाढल्या. याला तुम्ही अंधश्रद्धा म्हणणार?

नाही म्हणणार. तुम्ही जे पाहिलं ते घडलंच होतं. प्रश्न एवढाच की गुण कशाने आला.

पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई असते. ती बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपली आपण उतरते. या काळात गळ्यात माळ घातली, नाकात थेंब टाकले, मनगटावर डाग दिला किंवा नुसती विश्रांती घेतली, शेवट तोच. डेंग्यूतही धोक्याचा काळ सरला की प्लेटलेट स्वतःहून वर येतात. त्या दिवशी हातात जे असेल, पपईचा रस, किवी, बकरीचं दूध, श्रेय त्याला. आपोआप बरे होणारे आजार वैद्यबुवांची कीर्ती वाढवतात. दवाखान्यांचीही वाढवतात, ते कुणी बोलत नाही एवढंच.

पंचाईत होते ती वेगळ्याच काविळीत. पिवळे डोळे लेप्टोतही होतात, पित्तनलिकेत खडा अडकला तरी होतात, स्वादुपिंडाच्या गाठीने होतात, हिपॅटायटिस बीमुळेही होतात. डोळ्यांवरून यांतलं कुठलं ते ओळखता येत नाही. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी रक्ताची तपासणी, निदान कळू दे. ए किंवा ई निघाला आणि डॉक्टर म्हणाले विश्रांती पुरे, तर माळ घालायची असेल ती घाला. पोटात जाणाऱ्या जडीबुटीला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण आजारी यकृतावर अनोळखी पाल्याचा भार कशाला? डाग देणं तर सरळ जखम करणं आहे. पॅरासिटामॉलसुद्धा अशा वेळी विचारूनच घ्यावं.

९. मुलाला 'देवी आल्या' की सासूबाई औषध देऊ देत नाहीत. कडुलिंबाचा पाला, शीतलादेवीचा नवस, सातव्या दिवशी आंघोळ. मी काय करू?

आधी एक फरक. खरी देवी १९७५नंतर भारतात कुणाला झालेली नाही आणि १९८०मध्ये ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. आता जे येतं ते कांजिण्या किंवा गोवर असतं. घरात वापरायला नाव जुनंच राहिलं.

सासूबाईंच्या नियमांची यादी करून पाहा. मूल वेगळं ठेवणं, बाहेरच्यांना घरात न घेणं, हलका आहार, स्वच्छ पांघरूण: हे सगळं उत्तम आहे, विलगीकरणच आहे. कडुलिंबाची डहाळी उशाशी ठेवल्याने काही बिघडत नाही. माहीमच्या शीतलादेवीला जाऊन या, मूल बरं झाल्यावर. भांडण करायचं ते दोनच मुद्द्यांवर. डॉक्टरला दाखवायचं, आणि गोवर असेल तर 'अ' जीवनसत्त्वाचे डोस चुकवायचे नाहीत. मुलाला धाप लागली, ते पेंगत राहिलं, पाणी पिईना, तर नवस थांबेल, मूल थांबणार नाही. अ‍ॅस्पिरिन मुलाला अजिबात नको.

गोवर क्षुल्लक नाही. २०२२च्या अखेरीस गोवंडीतून सुरू झालेल्या साथीत मुंबईत लहान मुलं दगावली. नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास लस आहे. 'देवीचा कोप नको म्हणून आधी पाया पडू आणि लसही देऊ' असं म्हणणाऱ्या सासूबाई मी पाहिल्या आहेत. त्यांना पटवायला पाच मिनिटं लागतात, फक्त सुरुवात देवीला नावं ठेवून करायची नाही.

दृष्ट काढण्याबद्दलही बरेच जण विचारतात. मीठ-मोहरी ओवाळून मूल शांत होत असेल तर होऊ दे, पण ओवाळणं हॉस्पिटलला जाण्याऐवजी नको. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडा-दोरा करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

१०. छातीत जळजळ-दुखणं म्हणजे गॅसच असतो बहुतेकदा. मग प्रत्येक वेळी ईसीजी काढायचा का?

बहुतेकदा गॅस असतो हे खरं. पण नाव एकदा 'गॅस' ठेवलं की माणूस त्याच नावाप्रमाणे वागतो: सोडा, ओवा, शतपावली, 'सकाळी बघू'. हार्ट अटॅकमध्ये हेच तास मोलाचे असतात. छातीवर दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चालल्यावर वाढणारं दुखणं, यांत ईसीजीशिवाय नाव ठेवायचं नाही. मधुमेही माणसाला आणि बाईला कधीकधी छातीत दुखतही नाही. दम लागतो, मळमळतं, एकदम गळून जायला होतं. चालत किंवा लोकलने जायचं नाही. १०८.

११. उलटी अडचण: बाबांना अटॅक येऊन चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात फिरा, कामावर जा. ते खुर्चीतून उठत नाहीत.

बाबांच्या मनात काय चित्र आहे ते विचारा. 'हृदयाला भोक पडलंय', 'आता जास्त चाललो तर संपलं', असं काही निघेल. न्यूझीलंडमध्ये कीथ पेट्री आणि सहकाऱ्यांनी ऑकलंडच्या हॉस्पिटलात हाच धागा पकडला. अटॅकच्या रुग्णांशी घरी सोडण्याआधी त्यांच्या समजुतींबद्दल मोजक्या बैठका घेतल्या आणि २००२मध्ये निष्कर्ष छापले. बोललेले रुग्ण कामावर लवकर परतले, छातीत दुखण्याच्या तक्रारीही त्यांच्यात कमी होत्या. बाबांसोबत डॉक्टरकडे जा आणि एकच नेमका प्रश्न विचारा: 'किती मिनिटं, कुठल्या वेगाने?' 'फिरत जा' एवढ्याने घाबरलेला माणूस उठत नाही. 'शिवाजी पार्कला अर्धी फेरी, रविवारी पूर्ण' याने उठतो.

१२. औषधं मला गरम पडतात. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि अंग दुखायला लागलं. हा मनाचा खेळ म्हणायचा?

दुखणं खरं असतं. ते गोळीतल्या औषधामुळेच आहे का, एवढाच वाद. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात त्रासामुळे स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सोडलेल्या ६० जणांनी वर्षभर भाग घेतला. काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी रिकामी गोळी, काही महिने काहीच नाही. आपण कुठली घेतोय ते त्यांना माहीत नव्हतं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या सुमारे ९० टक्के रिकाम्या गोळीवरही झाला. आकडे त्यांना दाखवल्यावर निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केलं.

तरीही परस्पर बंद करू नका आणि निमूट सोसूही नका. स्नायूंचा खरा त्रासही काही जणांना होतो, तो तपासता येतो. डोस किंवा औषध बदलता येतं. 'उष्ण पडतंय' असं सांगायला लाजू नका, पण सोबत तपशील द्या: कधी, कुठे, किती वेळ. डॉक्टरकडे पथ्य काय पाळायचं तेही विचारा. आपल्याकडे पथ्य न सांगणारा डॉक्टर लोकांना अर्धा वाटतो, यात मला तरी काही गैर दिसत नाही.

१३. इन्सुलिन सुरू झालं म्हणजे शेवट जवळ आला, असं मामा म्हणतात.

मामांनी जे पाहिलं त्यावरून म्हणतात. आपल्याकडे इन्सुलिन उशिरा, गुंतागुंत झाल्यावर सुरू होतं. मग पाय गेला, किडनी गेली आणि बोल लागला सुईला. टाइप २ मधुमेहात वर्षं जातात तशी स्वादुपिंडाची ताकद उतरत जाते, म्हणून पुढे कधीतरी इन्सुलिन लागू शकतं. 'सवय' लागत नाही, गरज असते. १९२२मध्ये पहिल्यांदा माणसाला ते दिलं गेलं, त्याआधी टाइप १ मधुमेहाची मुलं जगत नसत.

गोड सोडलं म्हणजे शुगर आटोक्यात, ही जोडीला येणारी समजूत. चहात साखर नाही आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी गोळीच्या वेळा ठरवून घ्या, काही गोळ्यांवर उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली जाते.

१४. गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो ना? आणि दुखत नसेल तर कशाला छेडायचं?

दोन्ही समजुती एकत्र आल्या की फार वाईट होतं. स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. न दुखणं ही दिलासा देणारी गोष्ट नाही. बायोप्सीनंतर (गाठीला सुई लावून केलेल्या तपासणीनंतर) कॅन्सर पसरलेला दिसतो कारण तपासायलाच उशीर झालेला असतो. शेजारच्या वहिनींची गाठ सुईनंतर महिनाभरात 'पसरली', असं म्हणताना ती आधी वर्षभर अंगावर काढली होती हे सांगायचं राहून जातं.

वेळेवर तपासण्याचा फायदा याच शहरात मोजलेला आहे. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका व्हिनेगर लावून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करत. त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

मिश्रीबद्दलही लिहायला हवं. 'दात दुखायचे थांबतात' म्हणून ती लावली जाते आणि क्षणभर थांबतातही. ती तंबाखूच आहे.

१५. लोक हॉस्पिटलला, लसीला एवढे घाबरतात का? अडाणीपणाच ना?

प्रश्न २ पाहा, आणि थोडा इतिहास. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचं निदान झालं. लोकांना घरांतून उचलून आर्थर रोडच्या साथरोग हॉस्पिटलात (आजचं कस्तुरबा) नेऊ लागले. नेलेले बरेचसे परत येत नसत, कारण प्लेगच तसा होता. गिरणगावात मात्र अफवा पसरली की आत माणसं मारतात. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने हॉस्पिटलवर हल्ला केला. पुढच्या जानेवारीत याच शहरात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली.

जबरदस्ती झाली की अफवेला बळ येतं, हे तेव्हा दिसलं आणि २०२०मध्ये पुन्हा दिसलं. कित्येक जण तपासणी टाळत होते ते 'उचलून नेतील' म्हणून. त्या भीतीवर माहितीपत्रक चालत नाही. आत गेलेला आणि बरा होऊन आलेला, ओळखीचा माणूस चालतो.

१६. म्हणजे उशिरा येणाऱ्या प्रत्येक पेशंटची समजूतच चुकीची?

अजिबात नाही, आणि हा घोटाळा शिकलेले लोकच जास्त करतात. अमेरिकेत १९५०च्या दशकात टीबीच्या मोफत एक्स-रे तपासणीला लोक का येत नाहीत, या प्रश्नातून समजुतींचा अभ्यास वाढीला लागला. त्या अभ्यासातही 'अडथळे' हा मोठा भाग होता. नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळवणाऱ्याला सकाळची ओपीडी म्हणजे दिवस बुडणं. केसपेपरच्या रांगेत दोन तास, आत दोन मिनिटं, मग 'रिपोर्ट परवा'. त्याला टीबी कळत नाही असं नाही, त्याला भाडं कळतं. संध्याकाळीही उघडे असलेले 'आपला दवाखाना' अशांना खरोखर सोयीचे आहेत. माणूस म्हणाला 'वेळ नाही', तर आधी तेच खरं धरा.

१७. घरच्या माणसाशी बोलायची सुरुवात कशी करू? सांगायला गेलं की भांडण होतं.

सांगू नका, विचारा. आर्थर क्लाइनमन या मानववंशशास्त्रज्ञ-डॉक्टरांनी १९७०च्या दशकात डॉक्टरांसाठी काही प्रश्न सुचवले होते. आपल्या घरात ते असे विचारता येतील: 'आई, तुला काय वाटतं, हे कशाने झालं?' 'आत्ताच का सुरू झालं असेल?' 'सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?' 'कुठला उपाय लागू पडेल असं वाटतं?' उत्तर आल्यावर लगेच खोडू नका, चहा होऊ द्या. तिसऱ्या प्रश्नात बहुधा सगळं सापडतं. गोळी न घेणारी आई 'किडनी खराब होते' म्हणत असते, आणि मनात असतो डायलिसिसवर गेलेला तिचा भाऊ. त्या भावाचं बीपी वर्षानुवर्षं न तपासता राहिलं होतं का, इथून मग बोलता येतं.

१८. डॉक्टरच चुकीच्या समजुतीला खतपाणी घालत असतील तर? आमच्याकडचे प्रत्येक तापाला इंजेक्शन आणि अशक्तपणाला सलाईन लावतात.

त्यांना वाटतं पेशंटला हेच हवंय, पेशंटला वाटतं डॉक्टर देतात म्हणजे लागतंच. दोघेही एकमेकांचा मान राखत असतात. सलाईनच्या बाटलीत मुख्यतः मीठ-पाणी किंवा ग्लुकोज असतं. पिता येत नसेल, उलट्या-जुलाब थांबत नसतील तेव्हा ती जीव वाचवते, एरवी 'ताकद' देत नाही. व्हायरल तापाला अँटिबायोटिकचाही उपयोग नसतो. पुढच्या वेळी आत गेल्या-गेल्या म्हणून पाहा: 'डॉक्टर, पाणी पोटात ठरतंय. गोळ्यांवर भागणार असेल तर सुई नको. फी तुमची नेहमीचीच घ्या.' शेवटचं वाक्य गाळू नका, पुष्कळदा गाडी तिथेच अडलेली असते.